उचंत खात्यातली उड्डाणे

माझ्या वहीतली पहिली नोंद ३ एप्रिल १९८४ ची आहे. शंभर पानी वही, पट्टीने आखलेले पाच रकाने: तारीख, यान, ठिकाण, काय नेले, निकाल. त्या दिवशी राकेश शर्मा ‘सोयूझ टी-११’ मधून अवकाशात गेले. मी तेरा वर्षांचा होतो. ठिकाणाच्या रकान्यात ‘बायकोनूर’ लिहिले आणि निकालाच्या रकान्यात ‘यशस्वी’. माहितीचा उगम म्हणजे आकाशवाणीच्या बातम्या आणि ‘सोव्हिएत देश’ हे मासिक. त्याच्या गुळगुळीत पानांची कव्हरे आमच्या पिढीच्या पुस्तकांना असत. पुस्तक आत, मासिक बाहेर, आणि मी बहुतेक बाहेरचेच वाचत असे.

पुढे मी वाणिज्य शाखेकडे गेलो आणि एका पतसंस्थेत हिशेब लिहू लागलो. वही मात्र सुटली नाही. आज अशा चौदा वह्या आहेत. रॉकेटचे शास्त्र मी कुठल्या वर्गात शिकलेलो नाही. जे कळते ते याद्या वाचून कळते. म्हणून या लेखाचा विषय रॉकेट नाही, रॉकेटच्या याद्या हा आहे. जगात कुठे कोणते उड्डाण झाले, कोणते होणार आहे, हे सांगणाऱ्या तक्त्यांकडे आपण रेल्वेच्या वेळापत्रकासारखे पाहतो. माझे म्हणणे असे की हे तक्ते कुणीतरी लिहिलेला मजकूर आहेत. त्यांना लेखक असतो, त्याचा हेतू असतो, आणि त्याने काय गाळले हे शोधावे लागते. त्यातला सर्वांत संशयास्पद रकाना शेवटचा.

पहिल्याच नोंदीकडे परत येतो. शर्मा यांच्याबरोबर युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव होते. स्त्रेकालोव यांचे नाव मी वहीत लिहिले ते केवळ शर्मांचे सहप्रवासी म्हणून. कितीतरी वर्षांनी वाचनात आले की २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री हेच स्त्रेकालोव व्लादिमिर तितोव यांच्याबरोबर बायकोनूरच्या तळावर यानात बसलेले होते. उड्डाणाला दीड मिनिट उरले असताना रॉकेटच्या बुडाशी आग लागली. सुटकेच्या रॉकेटने त्यांची कुपी वर ओढून काढली आणि काही सेकंदांत खालचे रॉकेट कोसळून फुटले. दोघे सुमारे चार किलोमीटरवर जिवंत उतरले. त्या यानाला ‘सोयूझ टी-१०’ हे नाव मिळायचे होते. ते जाहीरच झाले नसल्याने नाव मोकळे राहिले आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये गेलेल्या पुढच्या यानाला देऊन टाकले गेले. टी-९ नंतर टी-१०, टी-१० नंतर टी-११. माझ्या वहीत एकही आकडा चुकलेला नाही. आगीतून वाचलेला माणूस सहा महिन्यांनी पुन्हा तशाच रॉकेटवर बसला, ही त्या नोंदीतली सर्वांत मोठी गोष्ट होती, आणि यादी इतकी नीट होती की ती गोष्ट आत शिरायला फटच नव्हती.

हिशेबनीस म्हणून मला एक सवय आहे. ज्या खतावणीत वर्षभर एकही खाडाखोड नाही, ती मी दुसऱ्यांदा तपासतो.

सोव्हिएत यादीचे व्याकरण समजायला ‘कॉसमॉस’ ही मालिका पाहावी. मार्च १९६२ पासून हे एकच नाव हेरगिरीच्या उपग्रहांना, चाचण्यांना, आणि पृथ्वीच्या कक्षेतच अडकून पडलेल्या ग्रहयानांनाही दिले गेले. शुक्राकडे जाणारे यान निघाले की त्याचे नाव ‘व्हेनेरा’. निघू शकले नाही की ‘कॉसमॉस’ आणि पुढचा क्रमांक. २७ मार्च १९७२ ला गेलेले यान शुक्रावर पोहोचणार होते, म्हणून ते व्हेनेरा-८ झाले. चार दिवसांनी, ३१ मार्चला त्याचेच जुळे भावंड निघाले आणि पृथ्वीभोवतीच फिरत राहिले, ते कॉसमॉस-४८२. नामकरण उड्डाणानंतर, निकाल पाहून! आपल्याकडे बारशाला पत्रिका पाहतात, इथे पत्रिका आधी घडू दिली आणि मग नाव ठेवले. त्यामुळे अपयशाला खोटे ठरवण्याची गरजच पडली नाही. ‘निकाल’ हा रकाना रिकामा राहिला तरी कुणाला शंका येत नव्हती, कारण कॉसमॉसने काय करायचे होते हे कधी सांगितलेच नव्हते.

ठिकाणाचा रकाना तरी खरा होता का? बायकोनूर नावाचे मूळ गाव त्या तळापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. तळ होता त्युरातम या रेल्वे स्थानकाजवळ. नाव मुद्दाम दुसरीकडचे जाहीर केले गेले. (१९९५ मध्ये तळाशेजारच्या लेनिन्स्क शहराचेच अधिकृत नाव बायकोनूर करण्यात आले. म्हणजे माझी नोंद अकरा वर्षांनी खरी ठरली असे म्हणायला हरकत नाही.) दुसरा एक तळ तर यादीतच नव्हता. तो शोधला इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या शाळेने. जेफ्री पेरी हे तिथले भौतिकशास्त्राचे शिक्षक मुलांना घेऊन साध्या रेडिओवर सोव्हिएत उपग्रहांचे संदेश ऐकत आणि वेळा टिपत. १९६६ मध्ये कॉसमॉस-११२ आणि त्यानंतरच्या काही उपग्रहांच्या वाटा जुळवताना त्यांच्या लक्षात आले की या वाटा बायकोनूरवरून निघत नाहीत. उत्तरेकडे दुसरा तळ असला पाहिजे. तो प्लेसेत्स्क. सोव्हिएत सरकारने त्याचे अस्तित्व मान्य केले ते १९८३ मध्ये. शाळेच्या वहीने सरकारी यादीतली चूक सतरा वर्षे आधी दाखवली होती. हा प्रसंग मी किती जणांना सांगितला असेल याची गणती नाही. घरी तर मी ‘केटरिंग’ म्हटले की सगळे उठून जातात.

अमेरिकेचे दुखणे उलट होते. ६ डिसेंबर १९५७ ला व्हॅनगार्ड रॉकेट जेमतेम मीटरभर उठून परत तळावर बसले आणि पेटले, हे सगळ्या जगाने पाहिले. बाजूला फेकला गेलेला छोटा उपग्रह जमिनीवरून संदेश देत राहिला. इथे निकाल लपवणे शक्य नव्हते. पण यादीला तरीही अडचण होतीच: आंतरराष्ट्रीय क्रमांक कक्षेत पोहोचलेल्यांना मिळतो, जे पोहोचत नाही त्याला क्रमांक नाही. क्रमांक नाही, तर नोंद कुठे करायची? या प्रश्नाचे उत्तर कुठल्या सरकारने दिले नाही. ते जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने दिले. १९८९ पासून ते स्वतःच्या हौसेने जगातल्या उड्डाणांचे वृत्त प्रसिद्ध करत आले आहेत. त्यांच्या यादीत अपयशी उड्डाणांनाही क्रमांक आहेत, वर्षापुढे ‘एफ’ लावून. एवढ्या एका अक्षराने शेकडो उड्डाणांना पत्ता मिळाला. मी या यादीला आपल्या काळातल्या महत्त्वाच्या संदर्भग्रंथांत धरतो, आणि हे कौतुक मी वाटेल त्याचे करत नाही.

आता आपल्या घरची यादी. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ पहिल्यांदा उडाले आणि पाचेक मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणातले आम्ल गळून गेले होते. त्या दिवशी सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि पुढच्या वर्षी १८ जुलैला यश आल्यावर त्यांनी अब्दुल कलामांना पुढे केले, ही हकीकत कलामांनी अनेकदा सांगितली आहे. आपण ती नेतृत्वाच्या व्याख्यानांत वापरतो. मला तिच्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. प्लेसेत्स्क हे नाव उच्चारायलाही मनाई होती त्या काळात आपल्या संस्थेच्या प्रमुखाने त्याच दिवशी, खुल्या सभागृहात, निकालाचा रकाना भरला होता. परंपरा इतकी चांगली असल्यामुळेच इस्रोच्या संकेतस्थळावर त्या उड्डाणाविषयी ‘अंशतः यशस्वी’ असा शेरा वाचताना मला खटकते. उपग्रह समुद्रात गेला. अंश कोणता?

हा ‘अंश’ आपल्या यादीत पुढेही सोयीप्रमाणे ये-जा करतो. सप्टेंबर १९९७ मध्ये पीएसएलव्ही-सी१ ने आयआरएस-१डी हा उपग्रह ठरलेल्या वर्तुळाकार कक्षेऐवजी लंबगोल कक्षेत सोडला. इस्रोच्या हिशेबात ते उड्डाण यशस्वी; परदेशी याद्यांत अंशतः अपयशी. एप्रिल २००१ च्या जीएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणाचे तेच. एकच उड्डाण, दोन निकाल. कोण खोटे बोलत आहे? माझे उत्तर: कुणीच नाही. आयआरएस-१डी ने स्वतःचे इंधन खर्चून कक्षा सुधारून घेतली आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ पृथ्वीची चित्रे पाठवली. रॉकेट विचारले तर उणे, उपग्रह विचारला तर अधिक. ऑगस्ट २०१७ च्या पीएसएलव्ही-सी३९ चे याच्या उलट. रॉकेटचे चारही टप्पे चालले, पण उपग्रहावरचे उष्णतारोधक कवच उघडलेच नाही आणि आयआरएनएसएस-१एच आत कोंडूनच कक्षेत गेला. तिथे मात्र अध्यक्ष किरण कुमार यांनी त्याच संध्याकाळी मोहीम अयशस्वी झाल्याचे सांगितले. सरळ वाक्य. ‘अंश’ नाही.

माझी स्वतःची चूक २०२५ ची आहे. २९ जानेवारी २०२५ च्या सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी जीएसएलव्ही-एफ१५ उडाले. श्रीहरिकोट्यावरचे हे शंभरावे उड्डाण. त्याने एनव्हीएस-०२ हा दिशादर्शन उपग्रह ठरल्याप्रमाणे सोडला. मी चहा टाकायच्या आत वहीत ‘यशस्वी’ लिहिले आणि खाली हौसेने दुहेरी रेघ ओढली. चार दिवसांनी इस्रोने कळवले की उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडीकारक पुरवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत, त्यामुळे त्याची कक्षा उंचावता येत नाही. उपग्रह ठीक होता, पण जिथून काम करायचे तिथे तो पोहोचणार नव्हता. मी जमवलेल्या मराठी कात्रणांत ‘शतक’ पहिल्या पानावर आहे आणि झडपांची बातमी आतल्या पानावर, काहींत ती नाहीच. बहुतेकांनी पहिल्याच दिवशी उपग्रह ‘कक्षेत स्थिरावला’ असे छापले होते. ती कक्षा वाटेतली होती. वर्ध्याहून रत्नागिरीला निघालेल्या माणसाला दादरच्या फलाटावर पाहून घरी ‘पोहोचला’ म्हणून कळवावे, तसे हे.

यात बातमीदारांपेक्षा दोष आपल्या क्रियापदांचा आहे असे मला वाटते. पूर्वी आपण उपग्रह ‘सोडत’ होतो. दिवाळीत बाण सोडतो, तसा. बाटलीतून सुटला की पोरांचे काम संपले. तो कुणाच्या गच्चीवर पडला हे दुसऱ्या दिवशी कळते. नंतर ‘प्रक्षेपित’ आले, म्हणजे फेकणे. हल्ली रॉकेट ‘झेपावते’. तिन्ही क्रियापदे निघण्याची आहेत. ‘सोडला’ या शब्दाला ‘यशस्वीरीत्या’ जोडले की वाक्य पूर्ण वाटते, मात्र निकाल फक्त सुटण्याचा लागलेला असतो. इंग्रजी याद्याही याहून फार वेगळ्या नाहीत. त्यांचा निकाल साधारणपणे उपग्रह रॉकेटपासून अलग होतो तिथे थांबतो, कारण उड्डाण विकणाऱ्याची जबाबदारी तिथे संपते. म्हणजे जगभर आपण ज्याला उड्डाणाचा निकाल म्हणतो, तो मालवाहतुकीची पोच आहे. पोच महत्त्वाची असतेच. मीही रोज पोचपावत्या जोडतो. पण माल कुजका निघाला की पोचपावतीने भागत नाही.

अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीने वेगळीच वाट काढली. एप्रिल २०२३ मध्ये त्यांचे प्रचंड स्टारशिप पहिल्याच उड्डाणात फुटले तेव्हा कंपनीतले लोक टाळ्या वाजवत होते, आणि स्फोटाला ‘वेगाने घडलेली अनियोजित सुटीसुटी’ अशा अर्थाचा विनोदी शब्दप्रयोग वापरला गेला. पहिल्या वेळी मीही हसलो. तळ सोडला हेच यश, असे आधीच जाहीर केले होते. त्यामुळे कॉसमॉसचीच युक्ती उलट बाजूने लागू झाली. सोव्हिएत लोक उद्दिष्ट सांगत नसत, हे इतके खालचे सांगतात की त्याखाली पडणे अवघड. जानेवारी आणि मार्च २०२५ मध्ये स्टारशिपचे तुकडे कॅरिबियन भागावर पडले आणि विमाने वळवावी लागली, तेव्हा तो विनोद मला शिळा वाटला.

हे सगळे आता फार झपाट्याने घडते. १९८४ मध्ये वर्षाला शंभराहून थोडी जास्त उड्डाणे होत, बहुतेक सोव्हिएत. २०२४ मध्ये कक्षेकडे निघालेली उड्डाणे २६० च्या आसपास होती. नेमका आकडा स्टारशिप धरता की नाही यावर ठरतो. त्यांतली १३४ एकट्या फाल्कन रॉकेटांची, ६८ चीनची, आपली ५. फाल्कनची बहुतेक स्टारलिंकसाठी. एका फेरीत वीस-बावीस उपग्रह, नाव नाही, फक्त गटाचा आकडा. मी हातानेच लिहितो, त्यामुळे मला हे बोटांत जाणवते: पूर्वी एका उड्डाणाबद्दल पानभर वाचून एक ओळ लिहीत असे, आता ओळ लिहून होईपर्यंत पुढचे रॉकेट तळावर उभे असते. आगामी उड्डाणांच्या तक्त्यात तारखेआधी ‘याच्या आधी नाही’ अशी अट असते. आपली वृत्तपत्रे ती गाळून नुसती तारीख छापतात, आणि मग उड्डाण ‘लांबणीवर पडले’ म्हणतात. तारखेचीही गंमत आहे. २०२२ च्या दिवाळीत एलव्हीएम३ ने वनवेबचे ३६ उपग्रह नेले, आपल्या घड्याळाने २३ ऑक्टोबरला मध्यरात्री बारा वाजून सात मिनिटांनी. जगाच्या यादीत ते २२ ऑक्टोबर आहे. माझ्या वहीत दोन्ही तारखा आहेत आणि मध्ये एक प्रश्नचिन्ह, ते कशासाठी होते आता आठवत नाही.

या वेगाने पाहिले तर निकालाच्या रकान्यावर इतका वेळ घालवणे खुळेपणाचे वाटेल. मलाही तसे वाटे, २ एप्रिल २०२२ पर्यंत.

त्या दिवशी गुढीपाडवा होता. रात्री पावणेआठच्या सुमारास आम्ही वर्ध्याला गच्चीवर होतो. पेटत्या रेघांची एक रांग आकाशातून सावकाश सरकत गेली. उल्का इतक्या सावकाश जात नाही, एवढे मला ठाऊक होते. तासाभराने बहिणीचा फोन आला. तिचे सासर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला. ती म्हणाली, “दादा, तुझ्या वहीतलं काही इथं पडलं म्हणतात लोक.” सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले होते. जवळच्या दुसऱ्या गावात धातूचा गोळा सापडला. कुणाला इजा झाली नाही. मॅकडॉवेल यांनी त्याच सुमारास अंदाज दिला: चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला.

मी वही काढली. त्या महिन्यात त्या रॉकेटचे उड्डाण एकच होते: ४ फेब्रुवारी २०२१, शीचांग, दळणवळण चाचणीचा उपग्रह टीजेएस-६. निकालाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘यशस्वी’. ते खरेच होते. उपग्रह नीट पोहोचला होता. चौदा महिन्यांनी लाडबोरीत जे पडले त्याला त्या ओळीत जागा नव्हती, जशी १९८४ च्या ओळीत स्त्रेकालोवना नव्हती. फरक इतकाच की इथे कुणी लपवले नव्हते. नोंद फार लवकर बंद केली होती, आणि ती मी बंद केली होती.

आमच्या धंद्यात यासाठी सोय आहे. ज्या रकमेचा उलगडा झालेला नाही ती ‘उचंत’ खात्यात ठेवतात. उचंत म्हणजे संशय नव्हे, चोरीही नव्हे. रक्कम आहे, पण ती शेवटी कोणत्या खात्यात जाणार ते ठरायचे आहे, एवढेच. तपासनिसाला उचंत खाते आवडत नाही, व्यवस्थापकाला तर मुळीच नाही, त्यामुळे वर्षअखेरीस कुठेतरी ढकलून ते मोकळे दाखवण्याचा मोह असतो. उड्डाणांच्या याद्यांनी नेमके हेच केले आहे. म्हणून मी वहीत सहावा रकाना आखला. रॉकेटचा निकाल वेगळा, उपग्रहाचा वेगळा, आणि जे वर उरले त्याचे काय झाले हे कळेपर्यंत नोंद उचंतात. मॅकडॉवेल यांच्या याद्या वस्तूंचा असा पाठपुरावा आधीपासून करतात. माझा शोध काही नवा नाही. त्यांच्याविषयी माझी एकच तक्रार आहे. शेवटच्या रकान्यात अक्षांश-रेखांश येतात, लाडबोरी येत नाही. ते काम इथल्या वहीने करायचे.

२०२५ च्या मे महिन्यात दोन नोंदी आठ दिवसांच्या अंतराने आल्या. १० मे २०२५ ला कॉसमॉस-४८२ परतला. शुक्रावरच्या उष्णतेसाठी बांधलेली ती कुपी त्रेपन्न वर्षे पृथ्वीभोवती फिरून, रशियाच्या अवकाश संस्थेने सांगितल्याप्रमाणे, जाकार्ताच्या पश्चिमेला हिंदी महासागरात पडली. इतके जुने उचंत मी दुसरे पाहिलेले नाही. १८ मे ला पहाटे पीएसएलव्ही-सी६१ निघाले, त्या रॉकेटचे त्रेसष्ठावे उड्डाण. तिसऱ्या टप्प्यातला दाब घटला आणि ईओएस-०९ हा रडार उपग्रह गेला. अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी काही मिनिटांत मोहीम पूर्ण होऊ शकली नसल्याचे सांगितले. धवनांची रीत टिकून आहे. पण निकाल सांगणे हा अर्धा रकाना झाला. २०२१ च्या जीएसएलव्ही-एफ१० चे आणि २०२२ च्या पहिल्या एसएसएलव्हीचे काय चुकले, हे इस्रोने नंतर तपशीलवार प्रसिद्ध केले होते. सी६१ चाही तसाच खुलासा लोकांसमोर यावा. तोवर माझ्याकडे ती नोंद रॉकेट ‘अयशस्वी’, कारण ‘उचंत’ अशी आहे.

पतसंस्थेचे वर्ष मार्चमध्ये संपते, पण ही वही मी व्यापाऱ्यांसारखी पाडव्याला बदलतो. पहिल्या पानावर हळदकुंकू, आणि त्याखाली आधी जुन्या वहीतले उचंत पुढे ओढायचे. या वेळी अकरा ओळी आहेत. कॉसमॉस-४८२ निघाला. एनव्हीएस-०२ आला.